सामाजिक रचनावाद आणि आंतरराष्ट्रीय राजकारण: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए. राज्यशास्त्राचे विद्यार्थी, सेट-नेटची तयारी करणारे आणि लघुशोधप्रबंधाचा विषय शोधत फिरणारे यांच्यासाठी. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत. काहींना दोन ओळी पुरतात, काहींना दोन पानंही कमी पडतील.

हा रचनावाद म्हणजे कुमठे बीटच्या शाळांमधला तोच ना?

नाही. पण साताऱ्यात हा घोळ होणं साहजिक आहे. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळा ज्ञानरचनावादासाठी राज्यभर गाजल्या, त्यामुळे इथे 'रचनावाद' म्हटलं की डोळ्यांपुढे फरशीवर आखलेली अक्षरं आणि काड्यांचे गठ्ठे येतात. तो शिक्षणशास्त्रातला रचनावाद: मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं. पियाजे आणि वायगॉट्स्की तिकडचे.

आपला रचनावाद आंतरराष्ट्रीय संबंधांतला. हे नाव या विषयात निकोलस ओनफ यांनी १९८९ मध्ये आणलं, आणि अलेक्झांडर वेंट यांच्या १९९२च्या लेखाने ते सर्वतोमुखी झालं. दोन्ही रचनावादांचं लांबचं नातं आहे, पण राज्यशास्त्राच्या पेपरात वायगॉट्स्की आला की मार्क गेलेच. इंटरनेटवर मराठीत 'सामाजिक रचनावाद' शोधलंत तर बी.एड.च्या नोट्स हाती लागण्याची शक्यता जास्त, हे धरून चाला.

थोडक्यात हा सिद्धांत काय म्हणतो?

राष्ट्रं कशी वागतात हे केवळ तोफा, पैसा आणि भूगोल यांवरून ठरत नाही. आपण कोण, समोरचा कोण आणि अशा वेळी काय शोभतं याबद्दलची सामायिक समज त्यात निर्णायक असते. ही समज वागण्यातून घडते आणि उलट वागण्याला घडवते. 'राष्ट्रहित' आधीपासून तयार नसतं. तेही या समजेतूनच आकाराला येतं.

म्हणजे 'मानला तर देव, नाहीतर दगड'?

अर्धं बरोबर. म्हणीतलं मानणं एकट्याचं आहे. मी मानलं नाही तर माझ्यापुरता दगड. रचनावादातलं मानणं सगळ्यांचं मिळून असतं. पाचशेची नोट तुम्ही एकट्याने कागद मानली म्हणून बाजारातली तिची किंमत घटत नाही. उलट ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री जुन्या पाचशेच्या नोटेचा कागद, शाई आणि तार यांत काहीही बदललं नाही, तरी मध्यरात्रीनंतर ती व्यवहारातली नोट उरली नाही. तत्त्वज्ञ जॉन सर्ल अशा गोष्टींना संस्थात्मक तथ्यं म्हणतात. सीमा, राजदूत, तह, सार्वभौमत्व ही सगळी याच जातीची.

मग अण्वस्त्रंही मनाचे खेळ का? हे पटत नाही.

पटूही नये, कारण असं कोणी म्हणतच नाही. क्षेपणास्त्र पडलं की माणसं मरतात; तिथे मानण्या-न मानण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो धोका कशाला म्हणायचं याचा. वेंट यांचं प्रसिद्ध उदाहरण: ब्रिटनची ५०० अण्वस्त्रं अमेरिकेला उत्तर कोरियाच्या ५ अण्वस्त्रांइतकी घाबरवत नाहीत. नुसती संख्या मोजली तर उलटं व्हायला हवं होतं. फरक शस्त्रांत नसून नात्यात आहे. उत्तर लिहिताना 'भौतिक घटक महत्त्वाचे नसतात' हे वाक्य टाळा. 'भौतिक घटकांना अर्थ सामायिक समजेतून मिळतो' असं लिहा. पहिलं वाक्य वाचलं की वास्तववादी (म्हणजे राष्ट्रांचं वागणं ताकदीवरून ठरतं असं मानणारा) परीक्षक पेन सरसावतो.

'अराजक' म्हणजे नक्की काय? बातम्यांत तर दंगलीला म्हणतात.

इथे अराजक म्हणजे गोंधळ नव्हे. राष्ट्रांच्या डोक्यावर सरकार नसणं. अलमट्टीच्या उंचीवरून महाराष्ट्र आणि कर्नाटक भांडतात तेव्हा वर लवाद असतो, सर्वोच्च न्यायालय असतं. भारत आणि चीन यांच्यावर हुकूम बजावणारं असं कोणी नाही. ते नसणं म्हणजे अराजक.

केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये मांडलं की अशा अराजकात प्रत्येकाला स्वतःच्या जोरावरच तग धरावी लागते. वेंट यांचा आक्षेप असा की हा निष्कर्ष अराजकातून आपोआप निघत नाही. अमेरिका-कॅनडा यांच्यावरही सरकार नाही आणि भारत-पाकिस्तान यांच्यावरही नाही. अराजक दोन्हीकडे तेच, व्यवहार मात्र निराळा. राष्ट्रं अराजकाचं जे करतील ते अराजक.

नियामक आणि घटक नियम यांतला फरक डोक्यात राहत नाही.

तालमीत चला. मातीतल्या कुस्तीत चितपट झाल्याशिवाय निकाल नाही. मॅटवर फ्रीस्टाइलला तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, आणि १० गुणांची आघाडी मिळाली की समोरच्याची पाठ एकदाही न टेकवता कुस्ती जिंकता येते. पैलवान तेच, डाव तेच. 'जिंकणं' म्हणजे काय हेच नियमांनी वेगळं केलं. हे घटक नियम. ते काढले तर दोन माणसं झोंबताहेत एवढंच उरेल. 'अंगाला तेल लावून उतरायचं नाही' हा नियामक नियम: कुस्ती आधीच आहे, त्याने फक्त तिला शिस्त लागते.

आंतरराष्ट्रीय राजकारणातलं घटक नियमाचं उत्तम उदाहरण अण्वस्त्रप्रसारबंदी करारात सापडतं. १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट केलेला देश तोच 'अण्वस्त्रधारी राष्ट्र', अशी त्याची व्याख्या. भारताने १९७४ आणि १९९८ मध्ये स्फोट केले, भारताकडे बाँब आहेत, तरीही त्या कराराच्या भाषेत भारत अण्वस्त्रधारी नाही. बाँब आहे, पद नाही.

सार्वभौमत्व 'रचलेलं' असतं हे एखाद्या जवळच्या उदाहरणाने सांगता येईल?

साताऱ्याची गादी. यापेक्षा चांगलं उदाहरण पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही, आणि तरी आपल्याकडचे विद्यार्थी युरोपातला १६४८चा वेस्टफालियाचा तहच लिहून मोकळे होतात.

१८१९च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचं राज्य दिलं. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि धाकटे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांना गादीवर बसवलं. अप्पासाहेब एप्रिल १८४८ मध्ये वारले, त्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो दत्तक गादीपुरता अमान्य केला आणि राज्य खालसा केलं.

आता नीट बघा. मूल तेच. विधी तोच. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा पुत्रच, आणि डलहौसीचं धोरणही खासगी मालमत्तेपुरतं हे मान्य करत होतं. पण गादीचा वारस होण्यासाठी सार्वभौम सत्तेची मान्यता हवी, असा नियम पुढे केला गेला. एकच मुलगा दागिन्यांच्या पेटीपुढे वारस आणि सिंहासनापुढे परका. यात रक्त, सैन्य, महसूल यांपैकी काहीही बदललं नव्हतं; बदलला तो 'वारस' शब्दाचा अर्थ. तोही वादाशिवाय बदलला नाही. तहातल्या 'वारस आणि उत्तराधिकारी' या शब्दांवर कंपनीतच दोन तट पडले होते, आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी खालसा करण्याला विरोध केला होता.

इथे वास्तववादी म्हणेल, 'सैन्य कंपनीकडे होतं, बाकी सगळी सजावट.' या आक्षेपाला उत्तर दिल्याशिवाय उदाहरण पुरं होत नाही. उत्तर दोन भागांत द्या. एक, सैन्य १८३९ मध्येही होतं, तरी तेव्हा राज्य खालसा न करता गादीवर भाऊ बसवला; म्हणजे ताकदीने काय शक्य होतं ते कळतं, काय निवडलं गेलं ते कळत नाही. दोन, १८५७ नंतर इंग्रजांचं सैन्य कमी झालं नव्हतं, तरी १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाची मान्यता देणाऱ्या सनदा दिल्या. अर्थात १८५७चा धक्का हे कारण वास्तववादीही आपल्या खात्यात जमा करू शकतो. ते मान्य करून पुढे जा. उदाहरण प्रामाणिक राहतं आणि मार्कही जास्त पडतात.

आणि रंगो बापूजींना विसरू नका. प्रतापसिंहांची बाजू मांडायला ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे झगडत राहिले. कंपनीच्याच तहाचे शब्द कंपनीपुढे धरायचे, ही त्यांची रीत. संकेत (काय शोभतं याबद्दलची सामायिक अपेक्षा) मोडणाऱ्याला त्याच्याच शब्दांत अडकवणं ही आजच्या, एखाद्या प्रश्नाची बाजू लावून धरणाऱ्या संघटनांचीही मुख्य युक्ती आहे. रंगो बापूजींना त्यात यश आलं नाही. युक्ती नेहमी चालते असं सिद्धांतही म्हणत नाही.

पत्री सरकारचं उदाहरण चालेल का?

जपून. १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्यात (तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भागही त्यात मोडायचा) क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चाललं. लोक तंटे घेऊन सरकारी कोर्टाऐवजी न्यायदान मंडळांपुढे गेले. राज्य कुणाचं हे लोक कोणाकडे दाद मागतात यावरही ठरतं, एवढ्यासाठी हे उदाहरण अप्रतिम आहे. पण ते अंतर्गत वैधतेचं. दुसऱ्या राष्ट्रांनी मान्यता देण्याचा प्रश्न तिथे नव्हता. दोन्हीची सरमिसळ केली की उत्तर घसरतं.

संकेत कसा रुजतो? तीन टप्पे पाठ आहेत, पण उदाहरण भूसुरुंगांचंच येतं.

मार्था फिनेमोर आणि कॅथरिन सिकिंक यांनी १९९८ मध्ये मांडलेले टप्पे: उगम, प्रसाराचा लोंढा, अंगवळणी पडणं. पहिल्या दोहोंच्या मध्ये एक कलाटणीचा बिंदू. साधारण एक तृतीयांश राष्ट्रं आली की तो येतो, असा त्यांचा अंदाज. भूसुरुंगबंदी यात चपखल बसते (१९९७ मध्ये ओटावात करार, १ मार्च १९९९ पासून अंमल, भारत त्यात नाही). पण सांगलीत बसून भूसुरुंग कशाला? हळद घ्या.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिलं. जुन्या ग्रंथांतले उतारे आणि १९५३चा एक भारतीय शोधलेख असे पुरावे ठेवले. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. इथे बहुतेक जण लिहितात, 'नव्या संकेताचा विजय'. चूक. पेटंट रद्द झालं ते जुन्याच नियमाने: शोधात नावीन्य नाही. आजीच्या बटव्यातलं ज्ञान छापील पुराव्यात दाखवता आलं म्हणून ते मोजलं गेलं.

नवा संकेत वेगळा आहे: दुसऱ्याच्या पारंपरिक ज्ञानावर पेटंट मागताना ते कुठून आलं हे सांगितलं पाहिजे. त्याचा उगम शोधायचा तर 'जैवचाचेगिरी' या शब्दापासून सुरुवात करा. परवाना, करार, संशोधन हे सगळं कोरडं; चाचेगिरी म्हटलं की गुन्हेगार कोण ते ठरलं. संकेताचे पुरस्कर्ते हेच करतात: आधी नाव ठेवतात. मग संस्थात्मक काम येतं: २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय, २००२चा जैवविविधता कायदा, २०१०चा नागोया प्रोटोकॉल (अंमल २०१४). आणि मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत याच विषयावर करार मंजूर झाला. १५ देशांनी अनुसमर्थन दिलं की तो लागू होतो. म्हणजे शब्दापासून करारापर्यंत पाव शतकाहून अधिक काळ गेला. अंगवळणी पडण्याचा टप्पा अजून लांब आहे, तो आलाय असं लिहू नका. 'सांगलीची हळद' या नावाला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन ही वेगळी गोष्ट. ते नावाचं संरक्षण, ज्ञानाचं नव्हे.

वेंट यांच्या तीन संस्कृती?

अराजकात राष्ट्रं एकमेकांना काय मानतात त्यावरून तीन: हॉब्जियन (समोरचा शत्रू), लॉकियन (प्रतिस्पर्धी), कांटियन (मित्र). हे सगळ्यांना येतं. सुटतं ते पुढचं: संस्कृती पाळण्याच्या तीन पातळ्याही आहेत, धाकाने, फायद्यासाठी आणि मनापासून योग्य वाटून. तीन गुणिले तीन, नऊ चौकटी. हॉब्ज म्हणजे धाक आणि कांट म्हणजे मनापासून, अशी जोडी लावणं ही नेहमीची चूक. शत्रुत्वही मनापासून योग्य वाटू शकतं, आणि मैत्री धाकापोटी टिकू शकते.

मराठी प्रतिशब्द कोणते वापरू?

काहीही वापरा, पण उत्तरभर एकच. दोन ठिकाणी विशेष काळजी घ्या. 'आयडेंटिटी'ला 'अस्मिता' म्हणू नका. मराठीत अस्मिता दुखावते, जागी होते, तिचे मोर्चे निघतात. इथे हवी आहे ती साधी 'ओळख', म्हणजे मी कोण आणि तुझ्या नजरेत कोण. आणि 'नॉर्म'ला 'नियम' म्हणू नका, कारण मग वर सांगितलेला नियमांचा फरक गढूळ होतो, 'संकेत' बरा. 'इंटरसब्जेक्टिव्ह'साठी 'आंतरव्यक्तिनिष्ठ' एकदा लिहा आणि पुढे 'सामायिक समज' वापरा. वाचणाऱ्याच्या जिभेला आराम.

भारताच्या परराष्ट्र धोरणातून काय घेऊ?

१९४६. स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं, तेव्हा भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तिथल्या भारतीयांच्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. यात तोटा भारताचा होता. वसाहतवाद आणि वर्णभेद यांविरुद्धचा देश ही ओळख आधी, हित त्यातून. औंध संस्थानात १९३९ मध्ये राजाने स्वतः सत्ता प्रजेकडे सोपवली, आणि त्याच घराण्यातले अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेत नैरोबीला भारताचे आयुक्त म्हणून गेले. एका माणसाच्या नेमणुकीवरून देशाची ओळख सिद्ध होत नाही, पण लघुशोधप्रबंधासाठी हा धागा पकडण्यासारखा आहे.

दुसरं, अणुधोरण. १९७४चा स्फोट 'शांततामय अणुस्फोट' म्हणून जाहीर झाला. संकेत नसता तर हे विशेषण लावायची गरजच पडली नसती. १९९८ नंतर 'प्रथम वापर नाही' आणि 'जबाबदार अणुशक्ती' ही भाषा. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने व्यापारासाठी सूट दिली. अण्वस्त्रप्रसारबंदी करारातलं पद मात्र मिळालं नाही. मालमत्ता दिली, गादी नाही. साताऱ्याच्या विद्यार्थ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

लघुशोधप्रबंध करायचा आहे. नेमकं काय करू?

प्रश्न 'का'ऐवजी 'कसं शक्य झालं' असा विचारा. 'भारताने ओटावा करारावर सही का केली नाही' यात तुम्ही सुरक्षेच्या कारणांतच अडकाल. 'सही न करताही बंदीच्या ध्येयाला पाठिंबा, ही भूमिका मांडणं भारताला कसं शक्य झालं' हा रचनावादी प्रश्न.

कालखंड दहा-बारा वर्षांचा घ्या, मधोमध एक वळण हवं. कागदपत्रं २० ते २५ पुरतात: संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतली वार्षिक भाषणं, परराष्ट्र मंत्रालयाचे वार्षिक अहवाल, लोकसभा-राज्यसभेतल्या चर्चा, जमल्यास निवृत्त राजनैतिक अधिकाऱ्यांची आत्मकथनं. एकाच प्रकारावर विसंबू नका. आमसभेतलं भाषण जगासाठी असतं आणि संसदेतलं घरच्यांसाठी; दोन्हींत तोच युक्तिवाद दिसला तर त्याचं वजन वाढतं.

आधी पाच कागद नुसते वाचा. 'आम्ही', 'जबाबदार', 'सुसंस्कृत राष्ट्रं', 'अपवाद' अशा आठ-दहा खुणा ठरवा आणि प्रत्येकीची एका ओळीत व्याख्या लिहा. मग सगळे कागद त्या खुणांनी तपासा. दोन आठवड्यांनी त्यांतले पाच कागद जुनी नोंद न बघता पुन्हा तपासा. पाचपैकी किमान चारांत तेच निघालं नाही, तर व्याख्या सैल आहे; ती घट्ट करा आणि पहिल्यापासून या. कंटाळवाणं आहे, पण तोंडी परीक्षेत याच कामावर तुम्ही उभे राहता.

बिघडतं कुठे? सर्वांत जास्त वर्तुळात फिरण्यात: राष्ट्र असं वागलं म्हणून संकेत होता, आणि संकेत होता म्हणून ते असं वागलं. संकेताचा पुरावा वागण्याबाहेर शोधा. संकेत मोडणारा लपवतो का, सबब सांगतो का, दुसरं नाव देतो का, इतर त्याला जाब विचारतात का? हे पुरावे. दुसरी चूक म्हणजे आजचा शब्द मागे नेणं. १९५०च्या दशकातल्या भाषणात 'सामरिक स्वायत्तता' वाचायची नाही, तिथे जो शब्द आहे तोच नोंदवा. आणि वास्तववादाने काय अपेक्षित धरलं असतं हे कागद वाचण्याआधी अर्ध्या पानात लिहून ठेवा. नंतर लिहिलं की माणूस स्वतःलाच फसवतो.

टीका कोणती लिहू?

भाकीत करता येत नाही, ही घासून गुळगुळीत झालेली टीका आहे. एका ओळीत उरका. जास्त वजनदार म्हणजे, रचनावादी फक्त चांगले संकेत अभ्यासतात. गुलामगिरीबंदी, भूसुरुंगबंदी, मानवाधिकार. वंशश्रेष्ठत्व हाही एके काळी रुजलेला, सामायिक संकेतच होता. दुसरी, संकेत पश्चिमेत जन्मतात आणि बाकीचे शिकतात, असा छुपा समज. अमिताव आचार्य यांनी २००४ मध्ये आग्नेय आशियाच्या आधारे दाखवलं की स्थानिक लोक बाहेरचा संकेत कापून, जोडून आपल्या परंपरेत बसवतात. जॉन मिअरशायमर यांचा १९९४-९५चा आक्षेप असा की भाषा बदलल्याने सत्तेचं गणित बदलत नाही. त्यावर रचनावादी शीतयुद्धाच्या शेवटाकडे बोट दाखवतात: सोव्हिएत अण्वस्त्रं जागेवर होती, शत्रुत्वच विरलं. यावर वास्तववादी म्हणतात, सोव्हिएत अर्थव्यवस्था खचली होती. दोन्ही लिहा.

नेटला कितपत येतं?

राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात पाचव्या घटकात 'सामाजिक रचनावाद' नावानिशी आहे. जोड्या लावा आणि कालक्रम हे नेहमीचे प्रकार, म्हणून एवढं पक्कं हवं: ओनफ आणि क्राटोचविल १९८९, वेंट यांचा लेख १९९२ आणि ग्रंथ १९९९, कॅट्झेनस्टाइन यांनी संपादित केलेला सुरक्षा-संस्कृतीवरचा ग्रंथ १९९६, फिनेमोर-सिकिंक १९९८. नीना टॅनेनवाल्ड म्हणजे अणुनिषेध (अण्वस्त्रं वापरणं निषिद्ध मानणारा संकेत). यूपीएससीच्या वैकल्पिक विषयाच्या दुसऱ्या पेपरात हे नाव दृष्टिकोनांच्या यादीत नाही, पण भारताच्या अणुधोरणाच्या प्रश्नात याचा एक परिच्छेद उत्तराला उठाव देतो.

वाचायला कुठून सुरुवात करू?

वेंट यांच्या १९९९च्या ग्रंथापासून नको. पहिली शंभरएक पानं तत्त्वज्ञानाची आहेत, तिथेच बहुतेकांचा दम सुटतो. आधी १९९२चा लेख दोनदा, मग फिनेमोर-सिकिंक, मग आचार्य. ग्रंथ उघडाल तेव्हा सहाव्या प्रकरणापासून उघडा. तीन संस्कृती तिथे आहेत.